तराफ्यावरून उडवायचा पतंग

म्हातारा ज्या जहाजाच्या शिडीवर पाय ठेवी, त्या जहाजावरचे उंदीर बिऱ्हाड आवरून दोरखंडावरून उतरू लागत, असं बंदरात सांगायचे. त्याला कारणही तसंच होतं. खलाशीगिरीच्या उमेदीच्या वर्षांत त्याच्या पायाखालून इतकी जहाजं गेली होती, की समुद्र त्याला ओळख दाखवत असावा. एक वादळात गेलं, एक खडकावर गेलं, आणि एक तर म्हणे भर दुपारी, सपाट समुद्रात, नुसतं कंटाळून बुडालं. जहाज खाली गेलं की जरा वेळाने म्हातारा वर यायचा, दातांत पाइप तसाच. टोपीसुद्धा कोरडी असायची असं तो स्वतः सांगे; ते सोडून द्या. पण वर यायचा हे मात्र खरं. म्हणून सगळं बंदर त्याला ‘बूच’ म्हणायचं.

युद्ध सुरू झालं आणि गोदीमागे जीव वाचवणाऱ्या वस्तूंचा कारखाना निघाला, तेव्हा बूचला तिथे नोकरी लागली ती बुडण्याची. तयार झालेलं जाकीट अंगात घालायचं, हौदात उडी मारायची, तोंड वर राहतं की नाही ते पाहायचं आणि बाहेर येऊन शिव्या घालायच्या. त्याच्या शिव्यांवरून जाकिटांचे नमुने बदलत.

आणि त्याच कारखान्यात, वरच्या मजल्यावर, पतंगांच्या टेबलावर त्याची थोरली सून होती. सासरा हौदातून “सूनबाई, टॉवेल!” म्हणून गर्जना करायचा, त्यामुळे मालकापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणत. तिचा नवरा दूरच्या गोदीत इंजिनं दुरुस्त करत होता, आणि घरात सासू, सासरा आणि ती, अशी तीन तोंडं होती. पैकी बोलणारं मुख्यतः एकच.

कारखाना पाहण्यासारखा होता. खाली रबराच्या चिकटद्रव्याचा वास असा, की नवीन माणसाचं डोकं दारातच हलकं व्हायचं. रबर रबराला चिकटू नये म्हणून पांढरी पूड फवारत, त्यामुळे संध्याकाळी सुट्टी झाली की भुतांची शाळा सुटल्यासारखं वाटे. तराफ्याचे सांधे तपासणाऱ्या बाया फुगवलेल्या रबरावरून ओठ फिरवायच्या. हवेची सुईएवढी धार बोटाला कळत नाही, ओठाला कळते. एकेक तराफा असा मुके घेऊन पाठवलेला. मग त्याच्या पोटात जायची संकटकाळची पेटी. तिच्यात गळ आणि दोरा, मधोमध भोक पाडलेला आरसा, म्हणजे भोकातून विमानावर नेम धरायचा आणि सूर्य त्याच्या डोळ्यांत मारायचा. एक पुडी अशी, की पाण्यात सोडली की तराफ्याभोवती समुद्र पोपटी होऊन जाई. हे सगळं विमानातल्या एका सीटखाली मावेल अशा जागेत. रोज ती पेटी भरताना पाहिली की सूनबाईला वाटायचं, घर सोडून जाणाऱ्या लेकरासाठी आईसुद्धा इतका विचार करत नसेल.

तिचा पतंग त्या पेटीतला सगळ्यांत धाडसी जिन्नस होता. पेटीसोबत एक पिवळं बिनतारी यंत्र असायचं, कमरेत बारीक, म्हणजे दोन गुडघ्यांत घट्ट धरता यावं. वरचं हॅन्डल फिरवलं की ते आपोआप मदतीची हाक देई. पण हाक दूर जायची तर तार उंच हवी, आणि समुद्रावर खांब कुठून आणायचा? म्हणून पतंग. हलक्या सळयांचा, तलम कापडाचा, खोक्याच्या आकाराचा, आणि त्याच्या दोरीच्या जागी तांब्याची तार. तो वर गेला की मैलोन्‌मैल हाक ऐकू जाईल. तो सूनबाईने आखला होता, आणि ज्या बाईने जो पतंग शिवला तो तिनेच गच्चीवर नेऊन उडवून दाखवायचा, अशी तिच्या टेबलाची रीत होती. गच्चीवर न उडालेला पतंग तिने कधी खाली आणला नव्हता.

अडचण एकच होती. पेटीत सगळं बसल्यावर एक कोपरा उरत होता. त्यात एक तर पतंग बसे, नाहीतर पाण्याचे डबे.

आणि बूच पाण्याच्या बाजूचा होता.

“सूनबाई, तहानलेला माणूस पतंग पीत नाही,” तो जेवताना म्हणायचा.

“आणि पाणी संपल्यावर, मामंजी?”

“संपेपर्यंत कोणीतरी येतं.”

“कोण येतं? तुम्ही तिथे आहात हे त्याला सांगितलं कोणी?”

“मी ओरडतो.”

“ते खरं आहे हो,” सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणायच्या. “हे नुसते घोरले तरी बंदरातली जहाजं नांगर तपासतात.”

सगळे हसायचे. पण सूनबाईला ठाऊक होतं, की या एका बाबतीत म्हातारा गंमत करत नाही. शेवटच्या खेपेला होडीत त्याच्याबरोबर जहाजाचा आचारी होता. पाणी संपलं, आणि आचारी समुद्राचं पाणी प्यायला. त्यापुढचं बूच कधी सांगत नसे. ज्या गोष्टीला बूच तिखटमीठ लावत नाही ती खरी असते, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आणि दोघांच्याही मनात माणूस एकच होता. बूचचा धाकटा, सूनबाईचा दीर, समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बिनतारी यंत्रावर बसायचा. कानांवर ते ऐकायचे गोल डबे लावून दिवसभर दूरदूरच्या हाका ऐकायच्या, हेच त्याचं काम. मागच्या सुट्टीत तो पतंगाभोवती लहान मुलासारखा फिरला होता. “वहिनी, माझ्या सीटखाली हाच ना? नक्की ना?” त्याच्या हवाई तळाला जायच्या पेट्या याच खेपेत भरायच्या होत्या.

शेवटी तपासणीसाहेब आला. चष्मा लावणारा, सडपातळ आणि सरळ मनाचा माणूस. दोघांचं ऐकून घेऊन तो म्हणाला, “मला दोघांचंही पटतं, हीच माझी अडचण आहे. असं करू. उद्या समुद्रावर जाऊ. तराफ्यातून पतंग वर गेला आणि किनाऱ्यावरच्या केंद्राने हाक ऐकून मनोऱ्यावरचा दिवा दाखवला, तर पतंग राहील. नाहीतर पाण्याचे डबे. तराफ्यात कोण बसणार?”

“मी,” सूनबाई म्हणाली.

“आणि मी,” बूच म्हणाला. “ही समुद्रात पडली तर हिची सासू मला घरात घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरबोटीने त्यांना बंदराच्या तोंडाबाहेर नेऊन सोडलं. ‘सोडलं’ म्हणजे खरोखरच सोडलं. तराफा पाण्यात फेकला, बाटलीतल्या हवेने तो फूस्स करून फुगला, आणि दोघांना मागोमाग उडी मारायला लावली. कारण विमानातून पडलेल्या माणसाला कोणी हात धरून बसवत नाही. बूच माशासारखा सुळकन आत गेला. सूनबाईला त्याने जाकिटाच्या कॉलरला धरून, ओल्या गाठोड्यासारखं आत ओढलं. मोटरबोट हाकेच्या अंतरावर जाऊन इंजिन चालू ठेवून उभी राहिली. साहेबाने दुर्बीण डोळ्यांना लावली.

आणि सूनबाईला उलटी झाली.

तराफ्याला दोरीने एक कापडी बादली बांधलेली असते. ती पाण्यात सोडायची, तिच्यात पाणी भरतं आणि ती तराफ्याला मागे धरून ठेवते. पण प्रत्येक लाटेला दोरी ताणली की गचका बसे, आणि प्रत्येक गचक्याला सूनबाईचा चेहरा त्या पुडीतल्या रंगाकडे झुकत चालला होता.

“थांब, हे गचके बंद करतो,” बूच म्हणाला. त्याने बादली ओढून घेतली, सोडवली आणि तो तिनेच तराफ्यातलं पाणी उपसू लागला. गचके थांबले. तराफा लोण्यावरून घसरावा तसा मऊ चालू लागला. “बघ, कसं छान वाटतंय,” असं तो म्हणाला तेवढ्यात एका लाटेने त्याच्या हातातून बादली अलगद काढून घेतली.

“गेली,” बूच म्हणाला. “जाऊ दे. कारखान्यात ढीग पडलाय.”

सूनबाईने तोंड पुसलं आणि पतंग जोडला. गच्चीवर हे काम ती डोळे मिटून करायची. सळया लागल्या, कापड ताणलं गेलं, तार अडकली. तिने गुडघ्यांवर उभं राहून पतंग वर धरला आणि सोडला.

पतंग ओल्या कोंबडीसारखा समोरच पडला.

तिने ओढून घेतला, झटकला, पुन्हा सोडला. पुन्हा कोंबडी. तिसऱ्या वेळी तो जरासा उचलला गेला आणि तिला वाटलं, चला, जमलं! तोच तराफा गर्रकन फिरला, तार तिच्याच मानेभोवती आली आणि पतंग बूचच्या डोक्यावर बसला.

बूचने तो शांतपणे काढून तिच्या हातात दिला. हसला नाही. एरवी कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला तरी महिनाभर पुरवून पुरवून हसणारा माणूस! तो हसला असता तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटलं. म्हातारा हसत नाही म्हणजे त्याच्या हिशेबी पतंग गेला, आणि त्याला तिची कीव येते आहे.

“सूनबाई, पतंग चांगला आहे,” तो म्हणाला. “पण आज वारा नाही. आणि वाऱ्याची वाट पाहायची तर प्यायला पाणी लागतं.”

मोटरबोटीवर साहेब वही काढून उभा होता. सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तिची नजर साहेबाच्या डोक्यावर गेली. बोटीवरचा झेंडा चांगला फडफडत होता.

तिने हातातल्या पतंगाकडे पाहिलं. वारा दाखवायला त्याला बांधलेला सुती दोऱ्याचा तुकडा मरगळल्यासारखा सरळ खाली लोंबत होता.

“मामंजी, तिथे वारा आहे.”

“कुठे?”

“त्यांच्याकडे. इथे नाही. हाकेच्या अंतरावर आहेत ते! वारा काय आपल्याला वळसा घालून जातो?”

बूचने हाताचं बोट ओलं करून वर धरलं. झेंड्याकडे पाहिलं. पुन्हा बोटाकडे पाहिलं. एवढी वर्षं समुद्राने त्याला पुष्कळदा फसवलं होतं, पण वारा चोरून कधी नेला नव्हता.

सूनबाई मात्र आता बोटीकडे पाहत नव्हती, बोटीच्या आणि त्यांच्या मधल्या पाण्याकडे पाहत होती. ते पाणी वाढत होतं.

“आपण पळतोय,” ती म्हणाली. “मामंजी, आपण वाऱ्याबरोबर पळतोय! तो ढकलतोय आणि आपण मुकाट्याने चाललोय. मग तो तोंडावर लागणार कसा? अरे देवा, गच्ची कधी पळत नाही! मी सगळे पतंग गच्चीवर उडवले, आणि गच्ची एका जागी उभी असते!”

बूचच्या चेहऱ्यावर एकेक करून सगळे दिवे लागले, आणि मग सगळे एकदम विझले.

“बादली,” तो म्हणाला.

“बादली.”

“बादली मी घालवली.”

“तुम्ही माझी उलटी थांबवायला काढली. ते राहू दे. बादलीसारखं दुसरं काय आहे?”

दोघांनी तराफ्यातलं सामान उलटंपालटं केलं. जाकिटं तरंगणारी, त्यांचा काय उपयोग? पतंगाची पिशवी हातमोज्याएवढी. पेटी रिकामी केली असती तर तिच्यातलं सामान गेलं असतं. सूनबाईची नजर तराफाभर फिरली, आणि मग एका ठिकाणी थांबली.

बूचची विजार सासूबाईंनी शिवलेली होती. जहाजाच्या शिडाच्या कापडाची. नवरा जितक्यांदा बुडाला तितक्यांदा त्याची विजार समुद्राने नेली, म्हणून त्या माउलीने शेवटी अशी विजार शिवली की समुद्र नेईल तर नवऱ्यासकट नेईल. ती जमिनीवर काढून ठेवली तर उभी राहायची. तिला हाताच्या पंजाएवढा रुंद चामड्याचा पट्टा होता.

“मामंजी,” सूनबाई म्हणाली, “तुमची विजार.”

“काय झालं विजारीला?”

“काढा.”

बूचने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे. “ऊन लागलं का तुला?”

“पाय खाली बांधले, तोंड पट्ट्याने उघडं ठेवलं, की झाली बादली. एक नाही, दोन बादल्या!”

“सूनबाई, मी तुझा सासरा आहे!”

“म्हणून तर अहो-जाहो करून मागतेय.”

“तिकडे दुर्बीण आहे! तपासणीसाहेब आहे! सरकारी माणूस आहे तो!”

“मामंजी,” सूनबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “आता पतंग वर गेला नाही, तर भावजींच्या पेटीतही जाणार नाही. ते ओरडले तर कोणाला ऐकू जाईल? तुमच्यासारखा आवाज नाही त्यांचा.”

होडीतल्या त्या आचाऱ्याच्या गोष्टीपाशी बूच नेहमी गप्प व्हायचा, तसाच गप्प झाला. मग म्हणाला, “तोंड तिकडे कर.”

ती वळली. मागे बराच वेळ धसमुसळ चालली, तराफा डुचमळला, आणि मोटरबोटीवरून “अहो, काय चाललंय काय?” असं ऐकू आलं. त्यावर बूचने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण हातात कापड आणि दोरी आल्यावर म्हातारा खलाशी झाला. पायांना अशा गाठी मारल्या की देवाला सुटू नयेत. रुंद, ताठ पट्टा कडीत अडकवून विजारीचं तोंड आ वासल्यासारखं उघडं ठेवलं. पट्ट्याला दोरी बांधली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या मर्जीने, बूचने आपली विजार समुद्राला दिली.

विजारीत पाणी भरलं. दोन्ही पाय टम्म फुगले, जणू एखादा लठ्ठ माणूस लाटांखालून उलट्या दिशेने चालत निघाला होता आणि तराफा त्याने दोरीने धरून ठेवला होता. गचका बसला. तराफ्याचं गरगरणं थांबलं. आणि सूनबाईच्या चेहऱ्यावर, गालांवर, ओल्या केसांत, कोणीतरी दार उघडावं तसा वारा आला.

तिला पतंग सोडावाच लागला नाही. तो तिच्या हातातून निघून गेला.

असा गेला, की तार तिच्या बोटांतून सळसळत सुटली. एक समुद्रपक्षी जवळून पाहायला आला, त्याला हा पक्षी कोणत्या कुळातला ते कळेना, आणि तो मान खाली घालून निघून गेला. पतंग वर, आणखी वर, मग एखाद्या खिळ्याला टांगल्यासारखा आभाळात स्थिर.

“मामंजी, फिरवा!”

बूचने पिवळं यंत्र उचलून गुडघ्यांत धरलं आणि किंचाळला. “थंड आहे गं हे! कोणी केलंय?”

“विजार घातलेल्या माणसाने. फिरवा!”

बूचने हॅन्डल फिरवलं. सगळ्या बुडालेल्या जहाजांचा सूड उगवत असल्यासारखं फिरवलं. यंत्र गुरगुरायला लागलं. सूनबाई तार धरून किनाऱ्यावरच्या मनोऱ्याकडे पाहत राहिली. काहीच दिसत नव्हतं. ऊन, पाणी, मनोरा. मग मनोऱ्याच्या टोकाला एक दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. मोटरबोटीवर साहेबाने टोपी हवेत फेकली, आणि ती त्याची सरकारी टोपी असल्यामुळे तो ताबडतोब वाकून पाण्यातून काढायला लागला.

बोट जवळ आली. “ऐकलं त्यांनी!” साहेब म्हणाला. “एकेक अक्षर! पतंग राहिला, बाई. या, वर या. आजोबा, तुम्ही आधी.”

“मी इथे बरा आहे,” बूच म्हणाला.

“अहो, पण—”

“म्हटलं ना, बरा आहे. ओढून न्या. आणि साहेब, तिच्या पतंगाची जागा पक्की झाली, ठीक. माझ्या पाण्याचं काय?”

साहेबाचा चेहरा पडला. “पेटीत जागा नाही, आजोबा. तुम्हाला माहीत आहे.”

बूचने बसल्या जागेवरून हात खाली घातला आणि एक ओला जाडजूड ठोकळा वर काढला. ते पेटीतलं सूचनांचं पुस्तक होतं. कापडी बांधणीचं, आकृत्यांसकट, खुद्द साहेबाच्या कचेरीने काढलेलं. “हे जागा अडवून बसलंय. गेला तासभर मी यावर बसलोय, आणि तेवढाच उपयोग आहे याचा. पानं चिकटली. एकही उलटत नाही.”

“पण सूचना नकोत?” साहेब म्हणाला.

“पतंगाच्या कापडावर छापू,” सूनबाई म्हणाली. “थोडक्यात, ठळक अक्षरांत. पुस्तक काढा आणि त्या जागी पाणी भरा. पहिलीच ओळ, आधी बादली पाण्यात सोडा.”

“आणि बादली नसेल तर?” साहेबाने विचारलं.

सूनबाईने सासऱ्याकडे पाहायचं टाळलं. साहेबानेही टाळलं. “तेही लिहू,” ती म्हणाली.

“लिहा, लिहा,” बूच म्हणाला. “नाव मात्र लिहू नका. पण सूनबाई, सूचना पतंगावर, आणि पतंग वर गेला म्हणजे माणसाने वाचायचं काय?”

“वर गेला म्हणजे वाचायची गरज उरत नाही, मामंजी.”

म्हाताऱ्याने यावर बराच विचार केला. मग मान डोलावली. हौदातून बाहेर आल्यावर एखादं जाकीट शिव्या न घालता परत दिलं तर तो अशी मान डोलवायचा, आणि तशी मान डोलावलेली जाकिटं कारखान्यात फारच थोडी होती.

बोटीने तराफा हळूहळू बंदराकडे ओढायला घेतला. पतंग कोणी उतरवला नाही. बूचचा हात अजून हॅन्डलवर फिरत होता.

“आजोबा, पुरे आता,” साहेब बोटीच्या कडेवरून म्हणाला. “खरंच कोणीतरी वाचवायला येईल.”

“थोडं राहिलंय,” बूच म्हणाला. मग तोंड सूनबाईच्या कानाजवळ आणून, त्याच्या मानाने पुष्कळच हळू, म्हणजे साहेबालाही ऐकू जाईल इतक्या आवाजात, त्याने विचारलं, “ही हाक कुठवर जात असेल गं?”

“खूप लांब. आपल्याला दिसतं त्याच्याही पलीकडे.”

“मग धाकटा बसला असेल कुठेतरी, कानाला लावून.”

“असतील ना.”

“यात विजारीचं काही सांगत नाही ना हे यंत्र?”

“नाही, मामंजी. फक्त हाक जाते.”

“मग ठीक आहे,” बूच म्हणाला, आणि हात बदलून पुन्हा फिरवायला लागला.